ग्वाल्हेरचा सोसायटी ग्रुप : मालनपूरची पहिली पाळी आणि कोहरा (दाट धुकं)

फाळके वहिनी (अ-१०४): निनाद पहाटे बाइकवरून मालनपूरला कंपनीत निघाला तेव्हा आपलं गेटसुद्धा दिसत नव्हतं. गोला का मंदिरच्या पुढे, भिंड रोडवर, एक ट्रॅक्टर-ट्रॉली बिनदिव्याची उभी होती. अगदी जवळ गेल्यावर दिसली म्हणतो. पोचला सुखरूप, पण माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. ज्यांची मुलं त्या रस्त्यानं जातात त्यांनी कृपया वाचा.

देशमुख अण्णा (अ-२०३): वहिनी, काळजी करू नका. आम्ही राजदूतवर मुरारहून डबऱ्याला जायचो, पौषात. हेल्मेट कुणाकडे होतं तेव्हा?

जोशी काकू (ब-००२): पोचला, देवाची कृपा. आता माझंही ऐका. पहाटे माझ्या खिडकीखाली गाड्या सुरू करून ठेवतात, सगळा धूर घरात येतो. ह्यांना दमा आहे हे नव्यानं सांगायला नको.

मोहिते (अ-३०१): अण्णा, तुमच्या वेळी भिंड रोडवर ट्रॉले किती होते? निनादला फोन केला होता. हाय बीम लावून चालला होता. वहिनी, त्याला रागावू नका, पण कोहऱ्यात हाय बीम लावला की उजेड पाण्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि पुढे पांढरी भिंत दिसते. लो बीमच ठेवायचा. २०१७ नंतरच्या दुचाकींचा हेडलाइट आपोआप चालूच असतो, पण लो की हाय ते आपल्यालाच बघावं लागतं.

सौ. रानडे (ब-३०४): आमचे हे चारही इंडिकेटर लावून चालवतात. ते बरोबर का?

मोहिते: नाही वहिनी. गाडी उभी असेल तर लावा. चालत्या गाडीचे चारही लुकलुकत असले तर मागच्याला ती उभी आहे की चाललीये ते कळत नाही, वळणार असाल तर तेही कळत नाही.

देशमुख अण्णा: सगळं ज्ञान यांनाच. आम्ही काय नुसतेच म्हातारे झालो.

मोहिते: अण्णा, तुमचा मान आहेच. पण हिशेब बघा. ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तो सेकंद संपतो, ब्रेक लागायचा अजून बाकीच. हवामान खात्याच्या भाषेत ५० मीटरच्या पलीकडचं दिसत नसेल तर अति दाट धुकं, आणि आज तर तेवढंही नव्हतं. जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल असा वेग ठेवायचा, मग तो २० का असेना. आणि स्पीडोमीटरच्या काट्याकडे बघत राहा. धुक्यात बाजूची झाडं, घरं दिसत नाहीत, त्यामुळे आपण हळू चाललोय असं वाटतं आणि वेग वाढलेला असतो.

जोशी काकू: पुन्हा सांगते, गाडी गेटबाहेर नेऊन सुरू करा.

केळकर (ब-२०१): मुरैन्याहून कुणी येत असेल तर तिळाची गजक आणा रे. थंडी वाया चाललीये 😄

फाळके वहिनी: केळकर भाऊजी, इथे काय चाललंय आणि तुम्हाला गजक सुचतंय?

केळकर: माफ करा वहिनी. मी कारनं महाराजपुऱ्यापर्यंत जातो, उद्या निनादला घेऊन जाईन. पुढे कंपनीची बस मिळते.

सौ. रानडे: व्हायझर फार धुकट होतं, हे चष्मेवालेसुद्धा आहेत. मग काच वर करून चालवतात, डोळ्यांतून पाणी वाहत असतं.

मोहिते: भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब व्हायझरला आतून चोळायचा आणि कोरड्या मऊ कापडानं पूर्ण पुसून काढायचा. दुकानात फिल्म मिळते ती याहून चांगली. काच एक खाच उघडी ठेवायची, आणि मफलर नाकावर घट्ट बांधायचा नाही, नाहीतर श्वास थेट वर चष्म्यावर जातो. मफलरचं टोक जॅकेटच्या आत खोचलेलं हवं. शाल, ओढणी लोंबती ठेवून मागे बसणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. चाकात अडकलेली ओढणी कापून काढताना मी पाहिलंय.

कु. आपटे (ब-१०३): काका, हातमोजे कुठले घेऊ? माझी बोटं एवढी बधिर होतात की ब्रेक दाबलाय की नाही तेच कळत नाही.

मोहिते: बरोबर ओळखलंस बेटा, खरा धोका तोच. वाऱ्याला अडवतील असे घे, पण इतके जाड नकोत की लिव्हर बोटांना जाणवणार नाही. दुकानातच मूठ वळून बघ. छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवली तरी वारा अडतो.

देशमुख अण्णा: हे आम्हीच शिकवलं होतं तुम्हाला.

मोहिते: हो अण्णा, खरंच तुम्हीच.

जोशी काकू: तिसऱ्यांदा लिहिते. गाडी गेटबाहेर सुरू करा. वाचतंय का कुणी?

सेक्रेटरी (अ-४०२): काकू, वाचलं. सर्वांना सूचना: पार्किंगमध्ये गाडी सुरू करून ठेवू नये.

पवार (अ-१०१): सेक्रेटरी साहेब, सूचना आमच्यासाठीच का? गेटवरचा दिवा दिवाळीपासून बंद आहे, त्यावर सूचना नाही.

सेक्रेटरी: वर्गणी वेळेवर आली तर दिवाही लागेल, पवार साहेब.

मोहिते: भांडू नका. गार इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, काकूंचं म्हणणं रास्त आहे. फ्युएल-इंजेक्शनवाल्या नव्या गाडीला अर्धा मिनिट पुरे, पुढचे एक-दोन किलोमीटर सावकाश न्या, टायरही तेवढ्यात जरा गरम होतात. गार टायर रस्ता नीट धरत नाही. हवाही तपासा, थंडीत दाब उतरतो. दवानं ओल्या रंगाच्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर ब्रेक दाबू नका.

फाळके वहिनी: एवढं सगळं करूनही मागून ट्रकवाल्याला माझा मुलगा दिसणार कसा?

मोहिते: वहिनी, मला सगळ्यात जास्त तेच म्हणायचंय. काळं जॅकेट, काळी बॅग, काळं हेल्मेट घालून मुलं अंधारात निघतात. मागच्या मडगार्डवर, बॅगेवर, हेल्मेटच्या मागे रेडियम टेप लावा. मागचा दिवा रोज पुसा, चिखलानं झाकलेला असतो. थांबायची वेळ आलीच तर डांबरावर थांबू नका, गाडी पार खाली, ढाब्याच्या आवारात घ्या. आणि शक्य असेल त्यानं साहेबाशी बोलून पाळी उशिराची मागावी. हा कोहरा ऊन चढल्याशिवाय हटत नाही, सूर्योदयाच्या सुमारास तर उलट दाटतो.

फाळके वहिनी: निनाद आजच बोलणार आहे सुपरवायझरशी.

कु. आपटे: टेप मी नया बाजारातून आणते. कुणाकुणाला हवी?

पवार: अ-१०१, दोन गाड्या.

सौ. रानडे: ब-३०४, एक स्कूटर, एक हेल्मेट.

जोशी काकू: आमच्या ह्यांच्या सायकललाही एक पट्टी आण ग.