तैलरंगात चेहऱ्याचा वर्ण मळकट होतो, कुठे चुकतंय?

प्रश्न: कोरा_कॅनव्हास
रेखाटन जमतं, साम्यही येतं, पण रंग चढला की चेहरा निर्जीव होतो. उजेडाची बाजू खडूसारखी पांढुरकी दिसते आणि सावलीकडे वळणारा भाग मळतो. पॅलेटवर टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, अलिझरिन क्रिमसन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि आयव्हरी ब्लॅक असतात. मॉडेलचा वर्ण गव्हाळ, उजेड खिडकीचा, एका बाजूने. रंग बहुतेक कॅनव्हासवरच मिसळतो. ‘फ्लेश टिंट’ची, म्हणजे त्वचेच्या रंगाची, तयार ट्यूब घेऊ का?

उत्तर: जवसतेल
ट्यूब नको. त्वचेला एक रंग नसतोच. तोच गाल उजेडात, कडेला आणि सावलीत तीन वेगळे रंग दाखवतो. ट्यूबमधला गुलाबी सगळीकडे फिरला की चेहरा बाहुलीचा होतो.

मळकटपणाचं पहिलं कारण बहुधा टोन, म्हणजे छटेचा उजळ-गडदपणा असतो, रंग नंतर. डोळे बारीक करून बघा: सावलीतली सर्वांत उजळ जागा ही उजेडातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच हवी. हनुवटीखाली परावर्तित उजेड दिसतो म्हणून तिथे पांढरा घातला की सावली फुटते आणि तो भाग घाण वाटतो. शुभ्र कॅनव्हासवर प्रत्येक छटा आहे त्याहून गडद भासते, मग हात आपोआप पांढऱ्याकडे जातो. म्हणून आधी बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कापडाने पुसत मध्यम टोनचा हात द्या. हा रंग लवकर वाळतो, त्यामुळे तळाला योग्य.

मिश्रण आधी पॅलेटवर, पॅलेट नाइफने. गव्हाळ वर्णाच्या उजेडासाठी अंदाजे ४ भाग ऑकर, ३ भाग पांढरा आणि अर्ध्या भागाहून कमी कॅडमियम रेड. हा लाल जोरदार आहे, नाइफच्या टोकाने थोडा थोडा घ्या. सावलीसाठी ३ भाग बर्न्ट सिएना, १ भाग अल्ट्रामरीन, थोडा ऑकर, पांढरा अजिबात नाही. मधल्या छटेसाठी हे दोन ढीग नुसते एकमेकांत ढवळू नका. काळा आणि पांढरा मिळून त्याच टोनचा करडा करा आणि तो उजेडाच्या मिश्रणात किंचित घाला. आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात निळसर दिसतो, त्यामुळे ऑकरच्या शेजारी तो हलका हिरवट-करडा होतो. गाल वळतो त्या जागी नेमकं हेच हवं असतं.

छटा बरोबर आहे का हे बघायला नाइफवर थोडं मिश्रण घेऊन एक डोळा मिटा आणि ते गालाच्या रेषेत धरा. नाइफवर आणि मॉडेलवर उजेड सारखाच पडायला हवा, नाहीतर तुलना खोटी ठरते.

उत्तर: चार_रंग
वरचं पटतं, पण शिकताना आठ रंग खूप झाले. महिनाभर चारच ठेवा: पांढरा, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, आयव्हरी ब्लॅक. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने हा संच ओळखला जातो. त्यात लालाच्या जागी व्हर्मिलियन असे. निळा नसल्यामुळे उबदार छटांशेजारी काळ्या-पांढऱ्याचा करडाच निळा वाटतो, आणि थंड-उबदार हे सापेक्ष असतं हे हाताला कळतं.

पांढरा रंग फक्त उजळ करत नाही, तो छटा थंड आणि फिकीही करतो. खडूपणा तिथूनच येतो. उजळ करताना प्रत्येक पायरीला पांढऱ्यासोबत ऑकरचा किंवा लालाचा कणही घाला. याउलट चकाकीची जागा थंडच हवी: खिडकीचा उजेड निळसर असतो, म्हणून नाकाच्या शेंड्यावरचा ठिपका जवळपास ऑकरशिवाय.

नाकपुड्या आणि ओठांमधली फट काळ्याने भरू नका. चार रंगांच्या पुढे गेलात की तिथे अलिझरिन आणि बर्न्ट सिएना वापरा. तिथे उबदार गडद असतो. डोळ्यांतला पांढरा भागही करडाच, आणि वरच्या पापणीखाली आणखी गडद, कारण पापणीची सावली बुबुळावर पडते. एवढी एक सावली घातली की नजर डोळ्याच्या खोबणीत बसते.

कोरा_कॅनव्हास
वर्ण सावळा असेल तर याच मिश्रणात काळा वाढवायचा का?

उत्तर: जवसतेल
नाही, राख दिसेल. सुरुवातच बर्न्ट सिएनापासून करा, अल्ट्रामरीनने गडद करा, उजळ करायला आधी ऑकर, पांढरा सर्वांत शेवटी. अशा त्वचेवर चकाकी जास्त ठळक आणि थंड दिसते. तिचा आकार नीट बघून घ्या, घडण तीच सांगते. अलिझरिन घेताना जुनं पी.आर.८३ (हा रंगद्रव्याचा क्रमांक) टाळा. पांढऱ्यात मिसळलं की उजेडात ते उडतं. ‘परमनंट’ प्रकार घ्या, पण ट्यूबवरचा हा क्रमांक वाचूनच.

उत्तर: हॉगहेअर
सावली पातळ ठेवा, उजेडात रंग जाड. पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त, पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडं वाढतं. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात. गडद भाग वाळल्यावर निस्तेज दिसला तर त्यावर रंग चढवू नका, टोन फसवा दिसतो. जवसाचं तेल थोड्या टर्पेंटाइनमध्ये घालून अगदी पातळ फिरवा, जादा तेल कापडाने टिपा, मग छटा जुळवा.

उजेडासाठी एक ब्रश, सावलीसाठी दुसरा. मळकट रंगाचं अर्धं कारण एकाच ब्रशने दोन्हीकडे फिरणं हे असतं. तेलाची कापडं चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.