मदत हवी आहे: मराठी प्रबंध मार्कडाउनमध्ये लिहावा की वर्डमध्येच?

नमस्कार मंडळी, पीएचडीचा प्रबंध लिहायला घेतलाय, विषय लोकसाहित्य, त्यामुळे ओव्या आणि तळटीपा भरपूर. वर्डमध्ये फाईल मोठी झाली की फॉन्ट, समास, टीपांचे नंबर यातच जीव जातो, म्हणून मार्कडाउनकडे (साध्या मजकुरात # लावून मथळा, * लावून ठळक शब्द दाखवायची पद्धत) वळावं असं फार मनात आहे. साधी टेक्स्ट फाईल, वीस वर्षांनीही कशातही उघडेल, गिटमध्ये (फाईलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवली की कुठली ओळ कधी बदलली ते दिसतं, आणि पॅनडॉक या फाईलचं स्वरूप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातूनच वर्ड, पीडीएफ दोन्ही निघतं. हे मला खरंच पटलंय.

पण अडचणी पण आहेत. मी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाईप करते, तिथे शिफ्ट दाबून ३ दाबलं की हॅश (#) येत नाही, रकार (्र) येतो, आणि ८ वर स्टारऐवजी (*) श्र! म्हणजे प्रत्येक मथळ्याला, प्रत्येक ठळक शब्दाला कीबोर्ड बदलायचा. शिवाय मार्कडाउन बनवणाऱ्या जॉन ग्रुबरच्या २००४ च्या मूळ मार्कडाउनमध्ये तळटीपा नाहीतच, त्या पॅनडॉकच्या पद्धतीने लिहायच्या, आणि मोठे तक्ते तर हाताने जुळवणं नकोच वाटतं. पॅनडॉकने पीडीएफ काढताना झीलेटेकसारखं (XeLaTeX) युनिकोड चालणारं इंजिन निवडावं लागतं हे कळलंय, नेहमीच्या पीडीएफलेटेकने देवनागरी नीट येत नाही.

खरा प्रश्न पुढे आहे, मार्गदर्शक मॅडम वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल खुणेसह दाखवणारी सोय) लावूनच दुरुस्त्या देतात. त्या परत मार्कडाउनमध्ये कशा आणता? पॅनडॉकला ट्रॅक चेंजेसचा पर्याय आहे, पण मराठी मजकुरावर कोणी वापरलाय का? आणि ओवीच्या ओळी जशाच्या तशा तोडायला काय करता? कृपया अनुभव सांगा, पहिलं प्रकरण याच महिन्यात द्यायचंय.