बीपी-शुगरसाठी डॉक्टरच हवेत का?

प्रश्न: आईला बीपी, शुगर दोन्ही आहे. क्लिनिकवाले म्हणतात रेग्युलर तपासणी नर्स प्रॅक्टिशनर (जास्त शिकलेल्या, पेशंट तपासून औषधं देणाऱ्या नर्स) करतील, गरज पडली तरच डॉक्टर. चालेल का हे? जीवाला घोर लागलाय.

उत्तर १: बिनधास्त जा. नर्सिंगनंतर मास्टर्स नाहीतर डॉक्टरेट केलेली असते त्यांनी, १९६५ला अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हे ट्रेनिंग सुरू झालं, आणि २०१८च्या कोक्रेन रिव्ह्यूत (जगभरातले अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) १८ ट्रायल्स तपासल्या तर नर्सेसनी तपासलेल्या पेशंटची तब्येत डॉक्टरांच्या पेशंटइतकीच किंवा थोडी अधिक चांगली निघाली, वर वेळही जास्त देतात, शुगरवाल्याला तेच तर हवं असतं.

उत्तर २: पटतंय, पण निदानच लागत नसेल, उगाच वजन उतरत असेल तर डॉक्टरच गाठा, रेसिडेन्सीचा (डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात करायच्या ट्रेनिंगचा) अनुभव वेगळाच.

उत्तर ३: अमेरिकेत काही राज्यांत अशा नर्सना काम करायला डॉक्टरशी करार लागतो, काहींत नाही. तुमच्याकडचा नियम आधी विचारा.