प्रति: नोकरी लावली तरच पैसे
बेकारांना नोकरी शोधून देण्याचं काम सरकारने खासगी कंपन्यांकडे सोपवावं, 'नोकरी लावली तरच पैसे द्या, खासगी कंपन्या झक मारत काम करतील' हे म्हणणं कागदावर पटतं. ऑस्ट्रेलियाने तेच केलं. १९४६ पासूनची सरकारी रोजगार सेवा १९९८ मध्ये मोडीत काढून काम कंत्राटावर दिलं. झालं काय, तर ज्यांना तशीही नोकरी लागलीच असती त्यांच्यावर कंपन्यांचा जोर. पन्नाशी उलटलेले, आजारी, वर्षानुवर्षं बेकार असलेले यादीत पडून. अवघड उमेदवारांसाठी जास्त दर ठेवूनही हे थांबलं नाही. वर बेकाराची कंपनीशी ठरलेली भेट चुकली की तक्रार याच कंपन्या करणार आणि त्याचा बेकारी भत्ता अडकणार! योजनेचं नाव तेवढं दर काही वर्षांनी नवं. शेवटी २०२३ मध्ये त्यांच्याच संसदीय समितीने सरकारी यंत्रणा पुन्हा उभी करा असं सुचवलं. आपली रोजगार विनिमय केंद्रं नोंदणीपुरतीच उरलीत, मान्य. पण कंत्राटदारांवर लक्ष कोण ठेवणार, तीच केंद्रं?