आउटबोर्ड पिकअप घेत नाहीये

दादा: बोटीचं आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) बिघडलंय. ४० हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, ३ सिलिंडर, ३ कार्बोरेटर. सुरू लगेच होतं, पण स्लोवर मिसिंग आणि धूर फार. अर्ध्याच्या पुढे थ्रॉटल दिला की उचलायच्या ऐवजी बसतं. पेट्रोल ताजं आहे, पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१. तिन्ही कार्बोरेटर उतरवून साफ करायचं म्हणतोय.

मामा: कार्बोरेटरला आत्ता हात लावू नकोस. तीन कार्बोरेटर उघडलेस तर मूळ दोष कुठला आणि जोडताना झालेली चूक कुठली, हेच कळेनासं होईल. आधी प्लग काढ, ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फळीवर मांड आणि रंग कळव. कारण सापडेपर्यंत फुल थ्रॉटल बंद.

काका: आणि बोट चालू असताना इंजिन बसायला लागलं की दुसऱ्या कुणाला पेट्रोलच्या पाइपातला रबरी फुगा दाबायला सांग. चालू इंजिनात तो थोडा मऊ पडतो, ते ठीक. पण चपटा झाला तर अडथळा टाकीकडे. झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो, नाहीतर टाकीतली जाळी चोंदलेली. चपटा होत नाही पण दाबल्यावर इंजिन उचलतं, असं असेल तर पाइप कुठेतरी हवा ओढतोय किंवा पंप कमी पडतोय.

दादा: चपटा होत नाही. दाबत राहिलं की उचलतं, सोडलं की थोड्या वेळात पुन्हा बसतं. प्लग: वरचा काळा आणि पेट्रोलने ओला. मधला आणि खालचा कोरडे, पांढरट.

ताई: ओल्या प्लगवरून लगेच निष्कर्ष काढू नकोस. तिथे स्पार्क नसला तरी तो ओलाच राहणार. स्पार्क टेस्टर लाव, गॅप ११ मिमी. प्लग ब्लॉकला टेकवून बघण्यात अर्थ नाही, कमजोर कॉइलसुद्धा मोकळ्या हवेत १ मिमी उडवते आणि कॉम्प्रेशनखाली (सिलिंडरमधल्या दाबाखाली) हरते. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, तिच्याजवळ ठिणगी नको.
मग कॉम्प्रेशन घे. तिन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, किल स्विचची (इंजिन लगेच बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढलेली, प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ केलेल्या. वायरी लोंबत ठेवून क्रँक केलंस (स्टार्टरने फिरवलंस) तर सीडीआय (स्पार्क घडवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जाऊ शकतं. एकेकाच्या आकड्यापेक्षा तिघांतला फरक बघ, साधारण १० टक्क्यांच्या आत हवा.

दादा: ११ मिमीला तिन्हीकडे निळा स्पार्क. कॉम्प्रेशन वरून खाली ११८, १२०, ११७ पीएसआय.

मामा: इंजिन आतून निरोगी आहे, फार बरं झालं. आता पंपाकडे बघ. या पंपाला कॅम नाही की मोटर नाही. एका सिलिंडरच्या क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या पोकळीतला) दाब वरखाली होतो, त्या ठोक्यावर पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम, हलतो आणि पेट्रोल पुढे जातं. डायफ्रॅम चिरला की दोन गोष्टी एकदम होतात. चिरेतून पेट्रोल ठोक्याच्या भोकावाटे त्याच सिलिंडरमध्ये शिरतं आणि प्लग भिजतो. पंपाचा जोर गेल्यामुळे बाकीच्या दोघांना वरच्या आरपीएमला पेट्रोल पुरत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे उपाशी सिलिंडर तापतोही आणि कोरडाही पडतो. पिस्टनला भोक असंच पडतं, म्हणून फुल थ्रॉटल नको म्हटलं. पंप कुठल्या सिलिंडरवर बसवलाय?

दादा: वरच्याच.

मामा: मग खात्री करून घे. बॅटरीची वायर काढ, उघड्यावर काम कर, खाली ट्रे ठेव. ब्लॉकला धरणारे दोन बोल्ट काढून पंप सुटा कर, पण टाकीकडचा पाइप जोडलेलाच राहू दे. फुगा दाब आणि पंपाच्या पाठीमागचं ठोक्याचं भोक बघ. तिथून पेट्रोलचा थेंबही येता कामा नये.

दादा: धार येतेय! खोलून पाहिलं, डायफ्रॅमला काठाजवळ चीर आहे.

मामा: पूर्ण किट घाल, नुसता डायफ्रॅम नको. खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढ. गॅस्केट आणि डायफ्रॅमचा क्रम उलटा झाला किंवा झडप उलटी बसली तर नवा पंपही पेट्रोल ओढणार नाही. सीलंट अजिबात लावू नकोस, त्याचा तुकडा सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) अडकतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळ.

काका: पाइपही वाकवून बघ. आतला थर सुटला असेल तर तो सक्शनने मिटतो आणि बाहेरून पाइप धडधाकट दिसतो. क्लॅम्प ढिला असेल तर पेट्रोल गळेलच असं नाही, हवा मात्र ओढेल.

ताई: सुरू करण्याआधी प्लग न लावता, वायरी अर्थ करून थोडं क्रँक कर, वरच्या सिलिंडरमध्ये साठलेलं पेट्रोल निघून जाईल. प्लग तिन्ही नवीन, गॅप मॅन्युअलप्रमाणे. फुगा कडक होईपर्यंत दाबून गळती बघ. जमिनीवर होजचे मफ (इंजिनला थंड करायचं पाणी देणारे कप) लावून फक्त स्लोवर चालव, पाण्याची पिचकारी सुरू आहे ना ते बघ. खरी परीक्षा पाण्यात, लोडवर. काही मिनिटं फुल थ्रॉटल, मग स्लोवर न आणता किल स्विचनेच बंद, आणि लगेच प्लग बाहेर. स्लोवर आणलंस तर रंग स्लोचाच दिसेल.

दादा: केलं सगळं. ५,२०० आरपीएम मिळाले, धूर गेला. वरचा आणि खालचा फिकट तपकिरी. मधला अजून किंचित पांढरा.

मामा: पांढरा म्हणजे तिथे पेट्रोल अजून कमी पडतंय. आता कार्बोरेटर उघड, पण फक्त मधला. बाउल (खालची वाटी) उतरवून मेन जेट काढ, उजेडासमोर धर. भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. क्लीनर आणि हवेने साफ कर, तार घालू नकोस, भोक मोठं होतं. स्लोचा मिक्श्चर स्क्रू काढणार असशील तर आधी हलक्या हाताने आत टेकव, किती फेरे बसले ते लिहून ठेव आणि परत तेवढाच उघड. पुन्हा प्लग बघेपर्यंत अर्ध्या थ्रॉटलच्या वर जाऊ नकोस.