स्पॉटिंग स्कोपला रायफलचं कव्हर चालेल का?

भाऊ, रायफलच्या दुर्बिणीवर चढवतात ते ताणलं जाणारं निओप्रीनचं कव्हर स्वस्त मिळतं खरं, पण पक्षी बघायच्या स्पॉटिंग स्कोपला (तिवईवर लावायच्या एका डोळ्याच्या दुर्बिणीला) ते घेऊ नका. पूर्ण काढल्याशिवाय त्यातून काही दिसत नाही, आणि हतनूर धरणाच्या काठावरची बदकं तेवढा वेळ देत नाहीत. स्कोप तिवईवर असतानाच पुढची-मागची झाकणं उघडता येतील आणि फोकसच्या चाकाला जागा सोडलेली असेल, असं कव्हर शोधा. आयपीस (डोळा लावायचा भाग) सरळ आहे की तिरका, ते दुकानदाराला आधी सांगा. एकाचं दुसऱ्याला बसत नाही.

आपल्याकडे जास्त त्रास काळ्या मातीच्या धुळीचा. काच आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) साफ करा, मग पुसा. धुळीवरच कापड फिरवलं तर काचेवरच्या पातळ थरावर, म्हणजे कोटिंगवर, चरे पडतात. आणि पावसाळ्यात यावल, तोरणमाळहून आलात की कव्हर लगेच काढून वाळवा, कृपा करून! ओल तशीच राहिली तर काचेवर बुरशी चढते आणि मग कोटिंग कायमचं खराब होतं. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. भुसावळच्या उन्हात मात्र कव्हर असलं तरी स्कोप बंद गाडीत सोडू नका.