सीडी१५ (हॉजकिनच्या पेशींवर शोधतात तो एक मार्कर) कोरं आलंय, म्हणजे रंगलंच नाही; हॉजकिन (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) लिहू की थांबू?

नवी_निवासी: मानेतली गाठ, पेशंट २४ वर्षांचा. एच अँड ईवर (नेहमीच्या स्टेनवर) रीड-स्टर्नबर्ग पेशी (हॉजकिनच्या खास मोठ्या पेशी) अगदी ठसठशीत, आजूबाजूला इओसिनोफिल, मधे मधे न्यूट्रोफिल (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशी). बाकीचे मार्कर: सीडी३० जोरदार, पॅक्स५ फिकट, सीडी४५ आणि सीडी२० निगेटिव्ह. सगळं जुळतंय, फक्त सीडी१५ पूर्ण कोरं. दोन दिवस तीच स्लाइड घेऊन बसलेय. मुलगा माझ्या धाकट्या भावाएवढा आहे, घाईने काही लिहायचं नाहीये.

लसिका: एवढ्यावरही क्लासिकल हॉजकिन (हॉजकिनचा नेहमीचा प्रकार) म्हणता येतं. सीडी१५ साधारण ७५ ते ८५ टक्के केसमध्येच मिळतं.

पॅराफिनवाला: बरोबर, पण त्याआधी त्याच स्लाइडवरचे न्यूट्रोफिल बघा. सीडी१५ त्यांच्यावर भरपूर असतं, म्हणजे कंट्रोल (स्टेन नीट लागला की नाही हे सांगणारी खूण) तुमच्या गाठीतच बसलेला आहे. तेच रंगले नसतील तर त्या निगेटिव्हला काही अर्थ नाही.

मी हे सांगतोय कारण आमच्याकडे हेच झालं होतं. डिटेक्शन किट (चिकटलेली अँटिबॉडी रंगवून दाखवणारं) बदललं आणि सीडी१५ गायब. बाकी सगळे मार्कर झकास, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. सीडी१५ ची नेहमीची अँटिबॉडी आयजीएम जातीची असते, आणि नव्या किटची सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला पकडणारी दुसरी अँटिबॉडी) फक्त आयजीजी जातीच्या अँटिबॉडी पकडत होती. त्या काळातले रिपोर्ट आम्ही पुन्हा काढून तपासले. ते दिवस मी विसरलेलो नाही.

आणखी एक. स्टेन चांगला असला तरी सगळ्या पेशी रंगत नाहीत. पेशीच्या कडेला रेघ आणि केंद्रकाशेजारी गॉल्जीचा (पेशीतल्या एका भागाचा) ठिपका, एवढंच चार-दोन पेशींत मिळतं. ४०एक्सवर (मोठ्या भिंगावर) सावकाश फिरा. मोठ्या पेशीला चिकटलेला न्यूट्रोफिल मात्र धरू नका.

नवी_निवासी: दादा, न्यूट्रोफिलसुद्धा कोरे होते! टेक्निशियन ताईंना किटचं माहितीपत्रक काढायला लावलं, सेकंडरी फक्त आयजीजीची. आयजीएम पकडणारी घेऊन उद्या पुन्हा लावतोय.

नवी_निवासी: आलं. न्यूट्रोफिल गडद तपकिरी, आणि सहा मोठ्या पेशींत कड आणि ठिपका दोन्ही. आता गेल्या महिन्यातले ब्लॉक (मेणात ठेवलेले गाठींचे नमुने) पुन्हा तपासायला काढायला बसलोय.

लसिका: ते काढताना एक लक्षात ठेवा, सीएमव्हीची (एका विषाणूची) लागण झालेल्या पेशीही सीडी१५ घेतात. एकट्या त्याच्यावर हॉजकिन लिहू नका.